खडूचं खोकं

परत आलेल्या पुस्तकांत
सगळ्यांत मळलेलं पान तेच निघतं
जे मी कधीच शिकवलं नाही.
कोपरे मऊ पडलेले, आकृतीवर बोटांचे डाग,
समासात कोणीतरी काढलेल्या मिशा.
नऊ वर्षं दहावीला मी एकच सांगत आले,
हे घरी वाचा,
आणि फळ्यावर पुढच्या धड्याचं नाव लिहिलं.

घरी म्हणजे कुठं?
एका खोलीत सहा माणसं, वरून टीव्ही.
नाहीतर पऱ्हाटीच्या आडोशाला एकच मोबाईल,
भोवती सात पोट्टे,
त्यात दिसलं तेच खरं मानून परतलेले.

यंदा निंभोरकर सरांची बदली झाली.
"दोन मार्काचं आहे, सोडा ना बाई," म्हणायचे ते.
मी खडूच्या रिकाम्या खोक्याला
ब्लेडनं फट पाडली.
नाव लिहायचं नाही, म्हणाले,
अक्षर ओळखलं तरी मी ओळखणार नाही.

तीन दिवस नुसते चॉकलेटचे कागद.
चौथ्या दिवशी
"कावळा शिवते म्हनतात, तं कोणता कावळा? मी तं पाह्यला नाही."
"झोपीत चड्डी ओली होते. आबानं ताईत बांधला. सोडू का?"
"कपडा कुठी वाळू घालू? दोरीवर भाऊ पाह्यते."
"पोरगा का पोरगी, हे कोनाच्या हाती असते? माह्या मायले लय बोलतात."

वाचलं मी. मोठ्यानं.
पहिल्यांदा शब्द घशात अडकला.
पाणी प्यायले, पुन्हा म्हणाले.
मागच्या बाकावर हसू फुटलं
आणि ताईताच्या चिठ्ठीला एकाएकी विझलं.
तीन पोरांचे हात
आपोआप दंडाकडे गेले होते.

एक चिठ्ठी तेवढी वाचली नाही.
"काका असला तं नाही म्हनता येते का?"
येतं, एवढंच म्हणाले, सगळ्या वर्गाकडे बघत.
कोणालाही म्हणता येतं.
आणि मला येऊन सांगता येतं.
कोणीच मान वर केली नाही.
अक्षर मी ओळखलं होतं.
संध्याकाळी नाल्याच्या पुलावर
तिची सायकल थांबवली,
दिलेला शब्द मोडला.
ती आधी रागावली.
मग पेडलवरचा पाय खाली ठेवला.

शनिवारी खोक्यात एक कोरी चिठ्ठी.
नीट चौघडी, आत एक अक्षर नाही,
फक्त हळदीचा अंगठा.

खिचडीच्या शेडमध्ये गिरजाबाई
पाठमोरी पातेलं घासत होती.
पाच बाळंतपणं, राहिलेली दोन,
आणि गेला आठवडाभर
नेमकी माझ्या तासालाच
खिडकीखाली तांदूळ निवडत बसलेली.

चिठ्ठी उलटून पाहिली, पुन्हा सुलटी केली.
मग पदर खोचला, मूठभर राख घेतली,
दुसरं पातेलं ओढून तिच्या शेजारी बसले.
तिनं पाहिलंही नाही.
"घासा बाई, घासा," म्हणाली,
"पोट्टे जाऊ द्या घरी.
मंग सांगतो."