बदल अर्ज

सिव्हिल लाइन्सला कडुनिंबाखाली भुसारींचं टेबल.
टाइपरायटर जाऊन लॅपटॉप आला,
झाकायचं फडकं मात्र तेच.
संस्थेचं नाव? ते मान वर न करता विचारतात.
सोबत.
काम काय करते?
दर गुरुवारी बसतो आम्ही.
बसता?
हो. गड्डीगोदामला, सायकल दुकानाच्या वर,
सतरा-अठरा जण. कुणी बोलतं, कुणी नाही.
ते टाइप करतात : मानसिक आरोग्यविषयक जनजागृती.
बरं, तसं तर तसं.

जागा रिक्त होण्याचं कारण?
खोब्रागडे सरांचा राजीनामा माझ्या पर्समध्ये आहे,
वहीच्या फाडलेल्या पानावर एकच ओळ :
सध्या मला फक्त माझाच विश्वस्त व्हायचं आहे.
भुसारी वाचतात. चष्मा काढून पुसतात.
टाइप करतात : वैयक्तिक.

निवड कशी झाली?
हात वर करून.
नंदनवार काकांनी दोन्ही हात वर केले होते,
चाळीस वर्षं मागावर बसलेला माणूस,
एक हात नुसता ठेवणं त्यांना जमतच नाही.
शमीमनं एकच मोजला.
विपुलचा हात वर नव्हता.
विरोध आहे का रे? विचारलं.
नाही ताई, गोळीनं थरथरते ना, म्हणून खिशात हाये.
धरा मोजून.
धरला.

आणि कोपऱ्यातून वच्छला, चहात पारले बुडवत :
पगार किती देतीन वं?
काहीच नाही.
मंग काहून बनून राहिली?

काहून ते तेव्हा सांगता आलं नाही.
चौदा वर्षांपूर्वी मी जिथे होते
तिथे एक समिती आली होती पाहणीला.
कोऱ्या साड्या, फायली, अत्तराचा वास.
एकीनं सिस्टरला विचारलं,
ही जेवते का नीट?
मी समोरच उभी होते.
हातात ताट होतं.

आता ही प्रतिज्ञापत्राची प्रत, गरम, प्रिंटरमधून नुकतीच आलेली.
मी, रत्नमाला मोतीराम निमजे, वय ४९,
सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की
मी पूर्ण शुद्धीत व मानसिकदृष्ट्या सक्षम असून
थांबा, मी म्हणते.
ठरलेला मजकूर आहे मॅडम, सगळ्यांच्यात असते.
सगळ्यांना विचारता?
नाही. कोण विचारते.
कडुनिंबाची एक काडी कीबोर्डवर पडते,
ते फुंकर मारून उडवतात.
एक शब्द घाला, मी म्हणते. आज.
मी आज पूर्ण शुद्धीत.
चालेल का माहीत नाही, म्हणतात,
पण घालतात.

सह्या तीन.
पहिली माझ्या आईच्या वळणाची,
दुसरी घसरत खाली गेली,
तिसरी बरी आहे, पण माझी वाटत नाही.
सारख्या करा मॅडम, साहेब परत पाठवते.

बारा वर्षं पाचपावलीच्या पोस्टात
काउंटरच्या आत बसून मी हेच केलं.
म्हाताऱ्या माणसांचे विड्रॉलचे फॉर्म
जाळीखालून परत सरकवले :
सही जुळत नाही, आजोबा.
एकानं विचारलं होतं, मग मी कोणाचा?
मागे रांग होती. मी पुढचा नंबर घेतला.

भुसारीजी, मी म्हणते,
तिन्ही माझ्याच आहेत. असेच जाऊ द्या.

साहेब परत पाठवतील तर पाठवतील.
पुन्हा येईन. रिक्षाचे तीस रुपये
स्वतःचेच, व्हाउचर नाही.

गेटबाहेर मे महिना दुपट्ट्यातून आत येतो.
दोनची गोळी उसाच्या रसाबरोबर घेऊ नये,
घेते.
शमीमचा फोन :
ताई, कूलरचा पंप गेला. काका गवतावर
लोट्यानं पाणी मारून राहिले.
विश्वस्त बाईंची मंजुरी पाहिजे म्हणे.
किती?
तीनशे चाळीस.
घे, मी म्हणते.
पक्की पावती घे.