दोनशे छप्पन्न पत्ते

रात्री दोन वाजून सात मिनिटांनी
सिन्नरच्या दवाखान्याचा फोन : रिपोर्ट जात नाहीत.
मग पिंपळगावचा द्राक्षवाला.
मग आमचाच जहीर कोकणी, घरून, अर्धवट झोपेत,
‘ताई, आपण आहोत ना?’

होतो की.
अंबडच्या गाळ्यात रॅकचे दिवे हिरवे,
द्वारकेवरून येणारी केबल शाबूत,
जेसीबीने कुठे काही उकरलेलं नव्हतं.
फक्त नावही न ऐकलेल्या एका शहरातल्या
एका राऊटरने जगाला सांगितलं होतं :
हे दोनशे छप्पन्न पत्ते माझे.
आणि जगाने मान डोलावली.

घोटीच्या पुढे अंधारात कुणी
पत्र्याचा बोर्ड रोवावा, ‘नाशिक इकडे’,
आणि एकामागून एक ट्रक
इंडिकेटर देऊन शिस्तीत वळत राहावेत,
तसं.

चोरच असेल असंही नाही.
असेल माझ्यासारखाच कुणी,
चहा निवलेला, बोट घसरलेलं.
आमच्या धंद्यात जो जास्त नेमकं बोलतो
त्याचं खरं धरतात.
आम्ही म्हणत होतो, ही सगळी पेठ आमची.
तो म्हणाला, त्यातली ही एक गल्ली माझी.
गल्ली जिंकली.

मग आम्हीही तीच गल्ली ओरडून सांगितली.
अर्धं जग परत आलं, अर्धं तिकडेच राहिलं.
पाच वीसला त्याने बोर्ड उपटून नेला.
माफीचा एक शब्द नाही.

सकाळी पंचवटीत घरी पोचले
तर खालच्या ओट्यावर घरमालक गायधनीकाका
लाल फडक्यातलं बाड सोडून बसलेले.
समोर बीडकडचा एक माणूस, डोकं नुकतंच केलेलं,
‘आमचे आजोबा तुमच्याकडेच उतरायचे.’
‘तोंडाने कुणीही सांगेल. गाव बोला.’
पानं उलटली, वाळवीची भोकं, फिकी शाई,
आणि एका जागी बोट थांबलं :
आजोबांच्या हातची वाकडी मोडी सही.
माणूस ती सही बघत राहिला.
मी चपला हातात घेऊन जिन्यात उभी.

त्याच आठवड्यात मीही लेख लिहिला.
पत्ते अमुक, मालक अमुक नंबराचा,
एवढ्याच बारीक तुकड्यापर्यंत मान्य,
खाली किल्लीने केलेली सही.
घाईत सहाचा नऊ झाला.

चाळीस मिनिटं आम्ही स्वतःच्याच सहीने परके.
गंमत म्हणजे जे वही उघडून बघत होते
त्यांनीच आम्हाला दारात अडवलं.
ज्यांनी कधी वही पाहिलीच नाही
त्यांच्याकडे आमचं येणंजाणं सुरळीत.
जहीर हसला, मग हसायचा थांबला,
दवाखान्याचा फोन त्यानेच घेतला.

आता सहा सहाच्या जागी आहे.
मुंबईचे वरचे लोक म्हणतात,
तपासू हो मॅडम, पुढच्या तिमाहीत.
ही तिसरी तिमाही.
आम्ही मात्र आमच्या दारात तपासतो,
खोटं नाव सांगणारा परत पाठवतो,
मग तो मोठ्या घरचा का असेना.

एकदा काकांना विचारलं,
माणूस कुठल्या वाटेने आला, वाटेत कुणाकडे थांबला,
हे नसतं का हो वहीत?
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
‘कोण, कुठला, एवढंच. वाटेचं कोण लिहितो?’

आमच्याही वहीत नाही.
आज सिन्नरचा एक एक्स-रे
किती जणांच्या हातांतून गेला, मला माहीत नाही.
पोचला, एवढं दिसलं.

दोन वाजून नऊ मिनिटं.
पलीकडच्या खुर्चीतून जहीर जांभई देत,
‘ताई, आपण आहोत ना?’
वहीत आहोत, म्हटलं,
आणि पुन्हा पडद्याकडे बघत बसले.