इथे तर होत नाही

जळगावच्या एमआयडीसीत, चटईच्या कारखान्यामागे
आमचा तक्रार विभाग.
विभाग म्हणजे मी, एक फोन,
आणि लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर.

लग्नसराईत सकाळी आठपासून घंटी:
चोपड्याच्या कीबोर्डात तीव्र मध्यम चिकटतो,
साक्रीच्या पॅडवर सांबळ दाबलं की टाळी पडते,
शहाद्याचं एक यंत्र चालू केल्यावर
पाच मिनिटं नुसतं विचार करत बसतं.
मी लिहून घेते. मॉडेल, आवृत्ती, बिल आहे का.
बिल कुणाकडेच नसतं.
मग पुण्याला कळवते. पुण्याहून मिहीरचं उत्तर येतं:
इथे तर होत नाही.

चार शब्द.
वर्षभर मी तेच पुढे देत आले,
कधी मऊ करून, कधी ‘सर’ लावून,
कधी जेवणाच्या सुट्टीआधी नुसतेच.

तक्रार दोनशे सतरा. सुपडू बाविस्कर, पारोळा.
हा फोनवर नाही, एसटीने आला,
मांडीवर पॅड, पॅडला ओला टॉवेल,
बाहेर त्रेचाळीस डिग्री.
“ताई, सहा नंबर मुका व्हई जास.
वरात दारशी उनी का बंद.”
मी त्याच्यासमोर लावलं. वाजलं.
पन्नासदा मारलं, पन्नासदा वाजलं.
आणि मी ते चार शब्द म्हणाले.
दवाखान्याच्या पायरीवर पोराचा ताप उतरावा
तेव्हा बाप त्या पोराकडे जसं पाहतो
तसं त्याने यंत्राकडे पाहिलं.
“आठे कसं व्हई, ताई?
आठे नवरदेव शे का?”

धरणगावकरांनी तीन हजार कापले,
ते त्याने रजिस्टरात लिहू दिलं नाही.
नाव मात्र नीट लिहायला लावलं:
आधीची दोन गेली, म्हणून आईने सुपात घातलं,
म्हणून सुपडू.

सहाला सगळे घरी गेले. मी पॅड टेबलावर घेतलं.
नवरदेव नाही, पण वरात तर काढता येईल.
सहा नंबर. ठक. ठक. ठक.
शंभराला एक रेघ, हजाराला एक शेंगदाणा.
सात शेंगदाण्यांवर मनगट गेलं.
वॉचमन हिरामण दारात उभा होता बराच वेळ,
म्हणाला, सरका, तुम्ही नुसतं मोजा.
त्याचा हात लागला आणि
तो ठोका ठोका राहिला नाही,
कानबाईच्या मिरवणुकीतला झाला,
रिकाम्या खुर्च्या ऐकत होत्या, मीही,
दोनदा मोजणं चुकता चुकता राहिलं.

पाऊण वाजता, बत्तीस शेंगदाणे
आणि वर सातशे काहीतरी,
हिरामणचा हात खाली आला
आणि काहीच झालं नाही.
त्याने पुन्हा मारलं. रबरावर बोट पडल्याचा
तेवढाच आवाज.
मी इतकी खूश आजवर कुठल्याच बिघाडाने झाले नव्हते.

मिहीरला उठवलं. आकडा सांगितला.
तो गप्प. मग हळूच म्हणाला,
“बत्तीस हजार सातशे सदुसष्ट.
पुढचा ठोका मावत नाही. आकडा उलटा होतो.
आम्ही दोनशे ठोक्यांवर तपासतो गं.”
पुण्यात वरात दोनशे ठोक्यांत संपत असेल.

नवी आवृत्ती आठवड्याने निघाली.
खाली बारीक अक्षरात:
किरकोळ सुधारणा.
मी पेनने रजिस्टरात ‘किरकोळ’ खोडलं,
तिथे कुठलाही शब्द बसेना, मोकळंच ठेवलं.

सुपडूला फोन करून सगळं सांगितलं,
यंत्र आतल्या आत प्रत्येक ठोका मोजायचं,
मोजता मोजता भरलं, म्हणून मुकं.
मागे कुठेतरी जनरेटर चालू होता.
“म्हंजे ते मोजी राहिंतं का?”
हो.
“आमनं वाजाडनं? बठं?”
हो, सगळं.
तो थोडा थांबला.
“कोन्हीच मोजं नै, ताई, आजपावत,” म्हणाला,
आणि मग विचारलं,
नव्या आवृत्तीत
ते मोजणं काढून तर नाही ना टाकलं.

मी म्हणाले, विचारून सांगते.