चिकलठाणा, सकाळची फ्लाइट

पट्टा अठरा पावलांचा. मोजलाय मी.
पुढचं सगळं हातानं :
दिल्ली डावीकडं, हैदराबाद भिंतीला.

मोठ्या विमानतळांवर म्हणे
मशीनच चिठ्ठी वाचतं, बॅग आपली आपण वळते.
इथं मुनीर वाचायचा. त्याचा चष्मा
ट्रॉलीखाली गेला तवापासून
मी ओरडतो, तो ढकलतो.

आज गोधडीत शिवलेलं बोचकं आलं.
आत कुकर असावा; दांडा हाताला लागला.
चिठ्ठी दोहापर्यंतची, मधी दिल्ली.
कापडावर मार्करनं :
प्रयागाक्का, पोचल्यावर फोन कर.

आता हे बोचक्याला सांगितलं
का तिला, कोण जाणे.

मुनीरला वाचून दाखवलं.
त्यानं ते बाजूला काढलं,
विमानाच्या पोटात सगळ्यात शेवटी सारलं.
शेवटी चढलेलं
आधी उतरतं.