शेवटचा रकाना

मंडळीचा चिटणीस मी.
पोर्ट ट्रस्टात तेहेतीस वर्षं पेट्या मोजल्या,
आता सुवार्ता मोहिमेचा अहवाल भरतो.
पत्रकं किती, घरं किती, प्रार्थनेला किती,
आणि शेवटी, सगळ्यांत अरुंद, निर्णयांचा रकाना.

एलिशेबाबाई भांबळ दर गुरुवारी परळला जातात.
इस्पितळात आया होत्या, निवृत्त झाल्या.
त्यांचा कागद आला, पेन्सिलीनं भरलेला:
पत्रकं शून्य. घरं नाहीत, फुटपाथ.
निर्णयांखाली – नखं, चौदा जणांची.

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला.
"चिटणीस, हे काय?"
म्हटलं, बघून येतो.

कॅन्सरच्या इस्पितळासमोर निळ्या ताडपत्रीखाली
वाशिमकडचा एक माणूस,
आत बायकोची तिसरी केमो.
बाईंनी त्याचा पाय तसराळ्यात भिजवलेला,
मग मांडीवर घेतला, टॉवेलवर,
आणि नेलकटर चालवत होत्या, कट्, कट्.
त्यानं विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या देवाच्या?"
आता, मी मनात म्हटलं. आता!
माझ्या जिभेवर वचनं रांग लावून उभी.
बाई म्हणाल्या, "दुसरा पाय दे आधी."

परतताना मी चिडलोच: संधी घालवलीत.
त्या म्हणाल्या, विचारलं तर सांगते की.
मागं एकजण खोदून खोदून विचारत होता,
सांगायला बसले, तोवर आतून नंबर पुकारला.
परत आला तो एकटा.
मग काय बोलायचं, साहेब?
चहा आणला त्याला. कमी साखरेचा.

सभेत खजिनदार सॅमसन म्हणाला,
नेलकटर कुठल्या खात्यात टाकायचं?
दोघं हसले. पाळकसाहेब हसले नाहीत.
दर पवित्र गुरुवारी ते वेदीपुढं
बारा जणांचे पाय धुतात,
घरूनच साबणानं धुऊन आलेले.

पुढच्या गुरुवारी परळला बघतो तर
कॉलर न लावता आलेले, हातात पिशवी,
शाळेत नव्यानं घातलेल्या पोरासारखे
ताडपत्रीच्या कडेला उभे.
"बाई, मी कुठं बसू?"
बाईंनी वर पाहिलंही नाही.
"खाली. तिकडं उजेड आहे.
आणि जपून, त्या आजोबांना साखर आहे,
खोल कापू नका."

अहवाल अजून माझ्या टेबलावर आहे.
रकाना अरुंद आहे.