आजूसचा अंगठा

बेलापूरच्या सेवा केंद्रात आजूसनं
काचेवर अंगठा टेकवला
आणि यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.

पुसून टेकवा, म्हणाला समोरचा पोरगा.
गावाबाहेर जाताना घालायच्या लेंग्याला
त्यानं अंगठा पुसला, फुंकर घातली, टेकवला.
मग डावा. मग एकेक बोट, करंगळीपर्यंत.
मागची रांग चुळबुळायला लागली.
पोरगा शेवटी माझ्याकडे बघून म्हणाला,
ताई, यांच्या बोटांना रेषाच नाहीत.

आजूसला वाटलं, कौतुक करतोय.
"खारीन रायल्यात," तो म्हणाला,
"सुकतीला ये दिवाल्याला, दावतो."

जोमा हाल्या कोळी.
साठ वर्षं दोर त्याच्या हातांतून गेला
आणि जाताना थोडं थोडं घेऊन गेला.
पण लाइट गेलेल्या रात्री
माझ्या ताटातल्या बोयटाचे काटे
तीच बोटं काढायची, अंधारात, न चुकता,
आणि एकही माझ्या घशापर्यंत आला नाही.

घरात घड्याळ होतं, ते आजीच्या गोळ्यांसाठी.
तो तिथी विचारायचा.
चतुर्थी? चाराची पाऊणपट. तीनला भरती.
शाळेत पाऊणकी कुणी शिकवली नाही,
मला ती धक्क्यावर पाठ झाली,
पाय खाली सोडून, निवट्यांच्या उड्या मोजत.

जाळ्याचा डोळा चार बोटांचा, हा त्याचा कायदा.
माझी चार बोटं म्हणजे त्याची दोन,
डोळे बारीक यायचे.
तो न बोलता उसवायचा, मग बोलायचा,
"यान तं बारकी पोरां पन अरकतील."
पोरां म्हणजे मासळीची. आवाज मात्र
मला उन्हातून घरात बोलावतानाचा.

गेला तो अष्टमीला.
भांगाचं पाणी, होड्या सगळ्या धक्क्याला,
गावातले सगळे खांदे घरी.
काथोडदादा तिरडी बांधता बांधता म्हणाला,
म्हातारा हिशेबी,
कुणाची एक खेप बुडवली नाही.

तेराव्यानंतर आम्ही त्याची पत्र्याची पेटी उघडली.
शिशाच्या गुळ्या, जाळं विणायची बांबूची सुई,
आजीच्या चष्म्याची एक काडी (का ठेवली, कोण जाणे)
आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेली नोटीस,
खाजण गेलं त्या वर्षीची.

मजकूर त्याला वाचता येत नव्हता.
मला वाचता येतो, आणि तरी कळत नाही.
पण तळाशी, जांभळ्या शाईत, त्याचा अंगठा.
रेषा न् रेषा.
मधोमध भोवरा, भोवती वळणं,
सुकतीला पाणी चिखलात
कोरून जातं तशी.

म्हणजे होत्या.
पंचविशीतल्या जोमाला होत्या,
कोरडा तांदूळ मोजावा तशा मोजता येतील इतक्या,
आणि त्या त्यानं आधी तिथे दिल्या.
एखाद्या कार्यालयात, एखाद्या फायलीत
दुसरी प्रतही असेल अजून,
तिला वाळवी लागली नसेल तर.

आईनं कागद परत पिशवीत घातला.
सुई मी घेतली.

वाशीला माझ्या ऑफिसचं दार अंगठ्यानं उघडतं.
रोज सव्वानऊला मी टेकवते,
हिरवा दिवा, टिंग, आत.
मागच्या रविवारी आईबरोबर बसून
पाटीभर कालवं फोडली.
सोमवारी यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.

माझ्या मागे कुणीतरी घसा खाकरला.
मी अंगठा लगेच पुसला नाही.
आधी वास घेतला.