शेवटचं पाणी

काखेतीत द्राक्षांचे रांजण जमिनीत पुरलेले असतात,
माणूस आत उभा मावेल एवढे.
मी ते आतून धुतो.
खांदे अरुंद आहेत, गुडघे अजून वळतात,
आणि एकोणीस वर्षं झाली, मी पीत नाही.
हे तिसरं कारण लोक हसून सांगतात.
माझ्या आधीचे धुणारे आत उतरायचे गप्प
आणि वर यायचे ते गात.

शिडी, कंदील, चेरीच्या सालीचा कुंचा.
कमरेला दोरी, तिचं दुसरं टोक माक्वालाच्या हातात,
कारण रिकाम्या रांजणातली हवासुद्धा मारते.
ती थोड्या थोड्या वेळाने एक हिसका देते,
मी एक हिसका परत देतो.
संसाराचं बहुतेक बोलणं आता असंच होतं.

याच बाईने एकदा माझ्यावर पाणी सोडलं होतं.
माझा कोट, माझे बूट, आईचा फोटो
फाटकाबाहेर बर्फात ठेवलेले.
कोटाची घडी घातलेली. बुटांत कागद कोंबलेला,
ओल लागू नये म्हणून.
भिरकावून दिलं असतं
तर मला रागावता आलं असतं,
आणि रागावलो की मी प्यायचो.

वासाचं सगळेच विचारतात.
येतो ना. गोड येतो.
गळ्यापाशी, रांजण निमुळता होतो तिथे,
खांद्यावर हात टाकून विचारतो, ओळखलंस का?
ओळखलं, म्हणतो मी, आणि कुंचा फिरवत राहतो.
पहिली सात वर्षं इकडे फिरकलो नाही.
तेलावीत ट्रकांचे टायर बदलले,
रबराच्या वासात लपून.

मेजवानीत माझ्या पेल्यात टॅरागॉनचं हिरवं सरबत.
इलिको म्हणायचा, अशा पेल्याने मेलेल्यांची नावं घेऊ नकोस,
त्यांना पोचत नाहीत.
मी उभा राहून घ्यायचोच.
वडिलांचं. मग बद्रीचं, माझ्या भावाचं,
जो पिऊन पिऊन गेला
आणि ज्याच्या चाळिसाव्या दिवसाला
चाळीस लिटर लागली.
गेल्या शरदात इलिकोचं नाव घेतलं.
पोचलं की नाही, कोणाला विचारू?

स्वप्नात अजून पितो.
मध्यरात्री उठून तळहातावर फुंकर मारतो,
नाकाशी धरतो.
शेजारून अंधारातच माक्वाला म्हणते, नाही, झोप.

परवा नुक्रीचा धाकटा, वाझा, कुंपणापाशी घुटमळत होता.
अकरा दिवस झाले, म्हणाला.
काडेपेटीतली अर्धी काडी त्याने पेटवता पेटवता मोडली,
मग सिगरेटच खिशात ठेवली.
हे संपतं कधी?
तोंडावर एक बरंसं खोटं आलं होतं.
मी म्हटलं, शनिवारी ये. माक्वालाचा खांदा दुखतो,
दोरी धरायला कुणीतरी हवं.

आज आला. आणि हिसके तरी किती!
श्वास घ्यायला उसंत नाही,
एकाला उत्तर देतो तोवर दुसरा.
वरून ओरडला, आहात ना?
आहे रे, आहे.
असा दिवसभर.
कंबर सोलून निघाली. मी काही म्हटलं नाही.
त्याच्याकडे आज धरायला तेवढंच होतं.

आमच्याकडे रिवाज आहे.
धुणं झालं की तळाचं शेवटचं पाणी पेल्यात घ्यायचं,
वर येऊन मालकासमोर प्यायचं.
निवळ असेल तर काम संपलं.
सगळे गोळा होतात पाणी जोखायला.
रांजणाचं की माझं, ते मी विचारत नाही.

मी घोट घेतला.
थंड. जरासं मातीचं.
आणि पार मागे, जिभेच्या मुळाशी,
ते.
मालकाला कळलं नसतं. दुसऱ्या कुणालाच नसतं.
त्याने पैसे मोजायलाही घेतले होते.

अजून एकदा धुवावा लागेल, मी म्हटलं,
आणि वाझाने दोरी तपासली.